मुठेचा पूर सिम्युलेट करतेय, १६ कोअर लावूनही कोड तिप्पटसुद्धा पळत नाही, आणि वर गाइडना 'रियलिस्टिक' थ्रीडी व्हिडिओ पाहिजे

ओली_पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, एमटेकचं शेवटचं वर्ष चालू आहे, विषय १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि मग खडकवासला धरण फुटून पुण्यात आलेला पूर. पानशेत ते संगम एवढा पट्टा, ३० किमी बाय २० किमीचा आयत, १० मीटरची ग्रिड, म्हणजे ६० लाख सेल. टू-डी शॅलो वॉटर समीकरणं (खोलीभर एकच सरासरी वेग धरणारी), फायनाइट व्हॉल्यूम (प्रत्येक सेलमध्ये किती पाणी आलं-गेलं त्याचा हिशोब), दोन टप्प्यांचं रुंगे-कुट्टा (वेळेत पुढे सरकायची पद्धत), सगळं सी++ मध्ये मीच लिहिलंय, डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिट आकडे). टाइमस्टेप साधारण ०.१७ सेकंदावर येतो त्यामुळे सहा तासांच्या पुराला सव्वा लाखाच्या वर स्टेप्स होतात.

एका कोअरवर रन नऊ तास घेतो. लॅबमध्ये १६ कोअरचा डेस्कटॉप आहे (डीडीआर४ ३२००, दोन स्टिक), लूपवर ओपनएमपीची (काम अनेक थ्रेडमध्ये वाटून देणारी) ओळ टाकली आणि वाटलं आता पाऊण तासात होईल, तर सव्वातीन तास लागतात. ८ थ्रेड लावले काय आणि १६ लावले काय, फरक जवळपास शून्य. लूप सगळ्या सेलवर फिरतो, कोरडी असली तरी. दर मिनिटाला एक व्हीटीके फाइल लिहिते, टेक्स्टमध्ये, एकेक साडेचारशे एमबीच्या आसपास, अशा ३६०. पॅराव्ह्यूमध्ये (असा डेटा चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडल्या की पंखा विमानासारखा वाजतो आणि मग सगळं गोठतं.

दुसरं म्हणजे थ्रेड बदलले की एकूण पाण्याच्या आकारमानाचे शेवटचे दोन-तीन आकडे बदलतात, गाइड म्हणतात कोडमध्ये बग आहे. आणि तिसरं, त्यांना प्रेझेंटेशनला पाणी पाण्यासारखं दिसलेलं हवंय, निळ्या-लाल पट्ट्या नकोत. लॅबमध्ये एका मशीनला आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आहे, १२ जीबीचं. सगळं कुडामध्ये (म्हणजे त्या कार्डावर चालेल असं) परत लिहू का? सबमिशन जवळ आलंय हो.

कॅशमिस:
कुडाला हात लावू नकोस अजून. आधी आउटपुट पूर्ण बंद करून एक रन घे आणि टाइम इथे टाक.

कारण बघ, एका फाइलमध्ये ६० लाख बिंदू, प्रत्येकाचे तीन कोऑर्डिनेट आणि चार व्हेरिएबल म्हणजे सव्वाचार कोटी आकडे तू टेक्स्ट करून छापतेयस, एकच थ्रेड ते काम करतो आणि बाकीचे पंधरा हातावर हात ठेवून बसलेत. एका फाइलला आठ-दहा सेकंद सहज जात असतील, गुणिले ३६०, झाला तास. तो तास १६ कोअरवरही तासच राहणार. अॅमडालने १९६७ मध्ये हेच मांडलं, नऊ तासातला एक तास सिरियल असेल तर कोअर हजार लाव नाहीतर लाख, नऊपटीच्या पुढे जाताच येत नाही.

ओली_पाऊलवाट:
आउटपुट बंद केलं. एका कोअरवर आठ तास, १६ वर सव्वादोन. म्हणजे साडेतीनपट. तास गेला खरा पण अजून १६ पट कुठे??

कॅशमिस:
१६ पट येणारच नाही, त्या मशीनवर तरी. तुझा कोड गणितात अडकत नाहीये, रॅममधून डेटा आणण्यात अडकतोय. डीडीआर४ ३२०० दोन चॅनल म्हणजे कागदावर सेकंदाला ५१.२ जीबी, प्रत्यक्षात ४०-४२ मिळाले तरी खूश राहायचं. एकटा कोअर त्यातले १२ च्या आसपास ओढतो. म्हणजे तीन-चार कोअरनी नळ पूर्ण उघडला, पाचव्यापासून पुढचे सगळे रांगेत उभे. ४२ भागिले १२ किती येतात बघ आणि तुझा स्पीडअप बघ.

माझा अंदाज, तू एक्स दिशेचे फ्लक्स (सेलच्या कडेवरून जाणारा प्रवाह) एका अॅरेत लिहितेस, वाय दिशेचे दुसऱ्या, मग तिसऱ्या लूपमध्ये ते परत वाचून सेल अपडेट करतेस. पुस्तकात तसंच असतं आणि वाचायलाही छान वाटतं, पण प्रत्येक सेलमागे दोनशेएक बाइट रॅमला जाऊन येतात. फ्लक्स साठवूच नकोस, अपडेटच्या लूपमध्येच चारही बाजूंचे काढ आणि तिथेच वापर. प्रत्येक फ्लक्स दोनदा काढला जाईल, जाऊ दे, गणित फुकट आहे इथे. ट्रॅफिक निम्म्याच्या खाली येईल.

बेरजेचं म्हणशील तर बग नाही. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे आकडे बदलतात, १६ थ्रेड आपापली बेरीज करून मग एकत्र करतात तेव्हा क्रम वेगळा झालाच. गाइडना हे दाखव: टाइमस्टेपसाठी तू जो सगळ्यात मोठा वेग शोधतेस त्या एका पायरीवर थ्रेड कितीही केले तरी उत्तर शेवटच्या बिटपर्यंत तेच येतं, कारण मॅक्सला क्रमाशी देणंघेणं नाही. आकारमानाचा फरक बाराव्या-तेराव्या आकड्यात असेल तर निवांत झोप. पाचव्या आकड्यात असेल तर मात्र रेस कंडिशन आहे (दोन थ्रेड एकाच जागी एकाच वेळी लिहितायत), मग परत ये.

घाटमाथा७:
वरचं सगळं बरोबर पण खरा मलिदा वेगळीकडेच आहे आणि तो कोणी बोललं नाही. ६० लाख सेलपैकी ओले किती? ३० बाय २० चा आयत म्हणजे ६०० चौरस किमी, त्यात सिंहगडाची अख्खी रांग आली, वरचे डोंगर आले, तिथे पाणी कधीच चढणार नाहीये. दरीतलं पाणी आयताच्या दहाव्या हिश्शात तरी असेल का शंका आहे. तू सहा तास सिंहगडावर पूर आलाय का ते सव्वा लाख वेळा तपासतेयस 😅

ग्रिडचे ३२ बाय ३२ चे तुकडे पाड. प्रत्येक तुकड्याला एक खूण, आत पाणी आहे की नाही. ओले तुकडे आणि त्यांचे शेजारी एवढीच यादी ठेव आणि त्याच यादीवर पॅरलल लूप फिरव. यादी दर स्टेपला नवी करायची गरज नाही, एका स्टेपमध्ये पाणी एका सेलपेक्षा जास्त सरकतच नाही (सीएफएल अट तेच तर सांगते), तू दोन टप्प्यांचं वापरतेस म्हणून दोन सेल धर, तर दहा-बारा स्टेप्सनी एकदा केली तरी शेजारची ३२ सेलची पट्टी पुरते.

आणि शेड्यूल डायनॅमिक कर, म्हणजे जो थ्रेड मोकळा होईल तो पुढचा तुकडा उचलेल. आत्ता बहुतेक स्टॅटिक असेल, म्हणजे आयताच्या सोळा आडव्या पट्ट्या सोळा थ्रेडना, त्यातल्या ज्यांच्या वाट्याला नदी आली ते राबतात आणि बाकीचे त्यांची वाट बघतात. तुझं मशीन एका सॉकेटचं आहे म्हणून डायनॅमिक बिनधास्त चालेल, दोन सॉकेटच्या सर्व्हरवर गेलीस तर मेमरी कोणत्या सॉकेटजवळ पडलीय ते बघावं लागतं, तिथे गणित बदलतं.

ओली_पाऊलवाट:
दादा काय सांगू, तुकडे पाडले आणि फ्लक्सचे अॅरे काढून टाकले, सहा तासांचा पूर अर्ध्या तासाच्या आत!! तळ्यातल्या स्थिर पाण्याची टेस्ट आणि आकारमान दोन्ही जुन्या कोडशी जुळतंय. गाइडना बेरजेचं पटलं. आता वाटतं कुडा राहू दे?

कॅशमिस:
राहू दे. पण ५ मीटरची ग्रिड हवी असेल तर विचार कर, कारण सेल चौपट आणि टाइमस्टेप निम्मा म्हणजे काम आठपट, अर्ध्याचे चार तास. ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते, तिथे फायदा नक्की आहे. फक्त एक गोष्ट, त्या कार्डावर डबलचा वेग फ्लोटच्या (३२ बिट आकड्यांच्या) १/६४ आहे, कोड जसाच्या तसा डबलमध्ये टाकलास तर तिथे मेमरी नाही, गणितच आडवं येईल. फ्लोट वापरायचं तर तुझी तळाची उंची ६०० मीटरच्या घरात आहे, त्या आकड्याजवळ फ्लोटला ०.०६ मिलिमीटरच्या खालचा फरक कळत नाही, मग स्थिर तळं उगाचच थरथरायला लागतं. सगळ्यात खालच्या बिंदूची उंची सगळीकडून वजा करून टाक, खोली वेगळी साठव, आणि आकारमानाची बेरीज तेवढी डबलमध्ये.

तुझ्या कॉलेजमार्फत पुण्यातल्या आयसरचं परम ब्रह्म (सुपरकॉम्प्युटर) वगैरे मिळत असेल तर छानच, पण तिथे एमपीआय (अनेक मशीनमध्ये डेटाची देवाणघेवाण) लागेल, ग्रिडचे तुकडे करून कडेच्या घोस्ट सेल दर टप्प्याला शेजाऱ्याला पाठवायच्या. ६० लाख सेलसाठी ते म्हणजे उगाच.

निवृत्त_जलअभियंता:
चर्चा वाचली. वेगाचं तुम्ही मंडळींनी चांगलं मार्गी लावलंत. मला वेगळंच विचारायचंय, डेम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) कोणतं वापरलंत?

ओली_पाऊलवाट:
सर, एसआरटीएम ३० मीटर, त्यावरून १० मीटरला इंटरपोलेट केलंय.

निवृत्त_जलअभियंता:
वाटलंच. मग दोन गोष्टी नीट ऐका. एक, एसआरटीएम ही फेब्रुवारी २००० ची मोजणी, अवकाशयानातून रडारने केलेली. रडार पाण्याच्या आत जात नाही. २००० साली पानशेत आणि खडकवासला दोन्ही धरणं परत बांधून भरलेली होती, म्हणजे तुमच्या डेममध्ये त्या दोन्ही जागी सपाट पाण्याचा पृष्ठभाग आहे, खालची दरी नाहीच. तुम्ही त्या सपाट पाटावर पानशेतचं पाणी सोडताय. खडकवासल्याच्या तळ्यात किती पाणी मावलं आणि तिथे पूर किती वेळ थोपला, हे सगळं त्यामुळे चुकणार, आणि शहरात पाणी कधी पोचलं ते त्याच्यावरच ठरतं. दुसरं, रडारला घरांची छपरंही दिसतात. डेक्कनचं २००० सालचं बांधकाम तुमच्या १९६१ च्या पुराला आडवं उभं आहे.

त्यामुळे ५ मीटरची ग्रिड वगैरे आत्ता सोडा. ३० मीटरच्या माहितीवर ५ मीटरची ग्रिड टाकल्याने दरी खोल होत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची धरणापूर्वीची टोपोशीट मिळतात का पाहा, निदान दोन्ही जलाशयांच्या जागी त्यावरचे कंटूर डिजिटाइज करून डेममध्ये बसवा. कंटाळवाणं काम आहे पण त्याने तुमचा निकाल जितका बदलेल तितका कुठल्याही ग्राफिक कार्डाने बदलणार नाही.

आणि पानशेतच्या आधी मालपासे चालवा. फ्रान्समधलं कमानी धरण, २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटलं, खाली फ्रेजूस शहरापर्यंत पाणी गेलं, चारशेवर माणसं गेली. पुरानंतर पोलिसांनी दरीत १७ ठिकाणी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा मोजल्या, वाटेतले तीन विजेचे ट्रान्सफॉर्मर कधी बंद पडले त्या वेळा नोंदल्या गेल्या, शिवाय पुढे १:४०० चं भौतिक मॉडेल करून त्यावरही मोजमापं घेतली. धरणफुटीच्या कोडची परीक्षा बहुतेक सगळे त्याच्यावरच घेतात, टेलिमॅक या पाण्याच्या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरसोबत तर ते उदाहरण तयारच मिळतं. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या वेळा जुळल्या की मग पुण्यात या. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल की कोड बरोबर आहे कशावरून, आणि तुम्ही व्हिडिओ दाखवाल.

रेंडरवेडा:
काका जबरी मुद्दा. आता व्हिडिओकडे येतो, माझा पोटापाण्याचाच धंदा आहे तो.

आधी पॅराव्ह्यू. तुझी ग्रिड सरळ चौकोनी आहे मग प्रत्येक फाइलमध्ये कोऑर्डिनेट कशाला? इमेज डेटा प्रकारची व्हीटीआय फाइल लिही, बायनरी, कॉम्प्रेस करून, त्यात फक्त ओरिजिन आणि अंतर सांगायचं असतं. खोली आणि दोन वेग, फ्लोटमध्ये, म्हणजे फ्रेमला ७२ एमबी आणि त्यातही बहुतेक शून्य असल्यामुळे कॉम्प्रेस होऊन मूठभर उरतं. तळाची उंची एकदाच वेगळ्या फाइलमध्ये. पॅराव्ह्यूत वॉर्प बाय स्केलर लावून उठाव दे. पंखा शांत.

आता रियलिस्टिक. पॅराव्ह्यूमध्ये ऑस्प्रेचा पाथ ट्रेसर (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र करणारा) असतो, तेवढ्याने सावल्या वगैरे बऱ्या येतात, पण पाणी हवं असेल तर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर. तिथे मेश सिक्वेन्स नेऊ नकोस, मरशील. पाण्याच्या पातळीची ३२ बिट ईएक्सआर इमेज काढ, फ्रेममागे एक, आणि ब्लेंडरमध्ये सपाट प्लेनला ती सिक्वेन्स डिस्प्लेसमेंट म्हणून दे. इमेजचा कलर स्पेस 'नॉन-कलर' करायला विसरू नकोस, तो चुकून एसआरजीबी राहिला तर ब्लेंडर तुझ्या उंचीला रंग समजून वाकवतो आणि पाणी नदीत बसतच नाही, लोक यात दिवस घालवतात. आणि अख्खा ३० बाय २० नको, शहराचा ४ बाय ३ किमीचा तुकडा घे, १० मीटरने सव्वा लाख बिंदू होतात, लॅपटॉपवरही हलतं.

काठाची गंमत सांगतो. कोरड्या सेलमध्ये पाण्याची पातळी म्हणजे जमिनीचीच उंची असं ठेवलंस तर काठ करवतीसारखा दिसतो आणि पाणी उतारावर चढल्यासारखं वाटतं. त्याऐवजी ओल्या सेलची पातळी शेजारच्या चार-पाच कोरड्या सेलमध्ये तशीच आडवी पसरव, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग जमिनीच्या आत घुसतो आणि काठ आपोआप जमीन आणि पाणी जिथे छेदतात तिथे गुळगुळीत येतो. हे फक्त चित्रासाठी, सॉल्व्हरच्या डेटाला हात लावायचा नाही.

रंग निळा नको गं. जुलैतल्या पुराचं पाणी चहासारखं असतं, अपारदर्शक, थोडं रफ. काच-पाण्याचा शेडर लावलास की स्विमिंग पूल दिसतो.

ओली_पाऊलवाट:
सर, टोपोशीटचं आजच लायब्ररीत विचारते, आणि मालपासेची मेश उतरवून घेतली. रेंडरवेडा, इमेज सिक्वेन्स लावली, पाणी मस्त बसलं, पण पुराचं तोंड पुढे सरकत नाही, एका ठिकाणी विरतं आणि पुढच्या ठिकाणी उगवतं, भुतासारखं. फ्रेम्स ३६० च आहेत म्हणून मधल्या मी इंटरपोलेट केल्यात.

रेंडरवेडा:
तेच कारण. तोंड सेकंदाला ५ मीटरने जरी सरकत असलं तरी एका मिनिटात ३०० मीटर, म्हणजे तुझ्या दोन फ्रेममध्ये तीस सेलची उडी आहे. मधे सरळ सरासरी काढली की जुनी जागा हळूहळू पुसली जाते आणि नवी हळूहळू भरते, लाट कुठेच चालत नाही. अख्ख्या पट्ट्याचं आउटपुट मिनिटाला एकदाच राहू दे, पण शहराच्या ४ बाय ३ च्या खिडकीचं वेगळं आउटपुट दर दोन सेकंदांनी लिही, सव्वा लाख सेलला वेळच किती लागतो. सहा तासांचंही नको, तोंड शहरात शिरतं तो तास-दीड तास पुरे.

घाटमाथा७:
फेस, तुषार, उसळणाऱ्या लाटा असलं काही घालणार आहेस का? गाइडना तेच हवं असणार म्हणून विचारतो. शॅलो वॉटरमध्ये खोलीभर एकच सरासरी वेग असतो, लाट फुटणं त्यात नाहीच. वेग जास्त तिथे पांढरं करता येईल, पण ते सजावट आहे, स्लाइडवर तसं लिहून टाक. खरोखर उसळणारं पाणी हवं तर फुटलेल्या भिंतीपाशी फक्त २०० बाय १०० मीटरचा छोटा डबा घे आणि ड्युअलएसपीएचफिजिक्स चालव, मोफत आहे, पाण्याचे कण करून सोडवतं आणि थेट ग्राफिक कार्डावर चालतं. ३० मीटर खोली आणि अर्ध्या मीटरचे कण धरले तर ४८ लाख कण, तुझ्या ३०६० मध्ये मावतील. तो एक वेगळा शॉट कर. दोन्ही एकाच व्हिडिओत बेमालूम जोडू नकोस, एकात कण आहेत आणि एकात सरासरी.

निवृत्त_जलअभियंता:
उठाव किती ठेवलाय? बरेच जण उभी पट्टी पाचपट करतात आणि मग लकडी पुलाजवळ पाण्याची भिंत चाल करून येताना दिसते. १९६१ ला गावात पाणी चढत गेलं, भिंत आली नाही. शहराच्या शॉटमध्ये उठाव एकास एकच ठेवा.

ओली_पाऊलवाट:
सर, तीनपट होता, एक करते. शेवटचं विचारते, खडकवासला कधी फोडू? आत्ता मी सुरुवातीपासूनच ती भिंत काढून टाकलीय.

निवृत्त_जलअभियंता:
काढू नका. भिंत ठेवा, पानशेतचं पाणी आधी त्या तळ्यात साठू दे, पातळी चढू दे, आणि मग ठरलेल्या वेळी खिंडार पाडा. दोन्ही धरणं एकाच दिवशी गेली पण एकाच क्षणी नाही. खिंडाराची वेळ आणि रुंदी प्रत्येकी तीन-चार वेगवेगळ्या घेऊन रन करा, आता रन अर्ध्या तासाचाच आहे ना, एका दिवसात होतील सगळे. मग लकडी पुलापाशी वेळेनुसार खोलीचा आलेख काढा आणि सगळ्या रेषा एकाच कागदावर टाका. व्हिडिओ त्यातल्या मधल्या रनचा करा.

कॅशमिस:
आणि ते रन एकामागून एक लावताना प्रत्येकाला १६ थ्रेड देऊ नकोस, चार-चार थ्रेडचे दोन रन एकत्र सोड आणि बघ एकूण वेळ कमी होतो का. तुकडे छोटे आहेत, ओला भाग कॅशमध्ये बराच मावत असेल, कदाचित आता रॅम आडवी येणारही नाही. टाइम इथे टाक.